काळ्या मातीचा रस्ता आणि गाडीची कमान

बिदरचा किल्ला ज्या पठारावर उभा आहे, ते पठार जांभ्या दगडाचे आहे. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच तांबड्या दगडात खोदून काढलेला आहे. असा दगड पायाखाली असला म्हणजे रस्ता सहसा खचत नाही. परंतु पठार मागे टाकून भालकी, औराद किंवा कलबुर्गीच्या दिशेने निघाले की जमिनीचा रंग हळूहळू पालटतो आणि काळी कसदार माती सुरू होते. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि तिला हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मॉन्टमोरिलोनाइट नावाची जी चिकणमाती तिच्यात असते, तिचा हा गुण. तुरीला आणि ज्वारीला ही माती आईसारखी. रस्ता बांधणाऱ्याला मात्र तिच्याइतका दुसरा वैरी नाही. तिच्यावर घातलेले डांबर वरून सपाट दिसले तरी दोन-चार पावसाळ्यांत त्याच्या पोटात लांब लांब लाटा उठतात. त्यावरून शहाबाद, वाडी, सेडम या भागातील चुनखडी आणि सिमेंट वाहणाऱ्या मालमोटारी जातात, हंगामात उसाच्या भरगच्च ट्रॉल्या जातात, आणि लाटांच्या जोडीला खड्डे येतात.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. नकाशावर सीमा आली, पण सोयरीक, बाजार, दवाखाना आणि नोकरी यांच्यासाठीची ये-जा थांबली नाही. एखादा शिक्षक भालकीहून उदगीरकडे रोज जातो, एखादा कापडव्यापारी आळंदहून उमरग्याला जातो, एखाद्या वृद्ध आईला दर पंधरवड्याला सोलापूरच्या किंवा हैदराबादच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. अशा माणसाची मोटार ही चैनीची वस्तू नव्हे. तिच्या चाकांवरची कमान आणि शॉकअप झिजले की पहिला हिशेब त्याच्या पाठीच्या कण्याकडून वसूल होतो. मग तो सुट्या भागांच्या दुकानात जातो आणि तेथे त्याला दहा प्रकारचे माल दाखविले जातात. त्यांतला कोणता घ्यावा, या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे.

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास बिदरला आला, तेव्हा ते बहमनी राज्याच्या राजधानीचे शहर होते. येथील सरदार चांदीने मढविलेल्या पालख्यांतून नेले जातात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पालखीचे वैभव निकितिनच्या डोळ्यांत भरले. तिचे सुख मात्र चांदीत नव्हते. पालखीचा दांडा थोडा लवतो, भोयांचे गुडघे प्रत्येक पावलाला वाकतात, आणि खाचखळग्याचा धक्का आत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच चार माणसांच्या पायांत जिरून जातो. दख्खनमधली पहिली कमान म्हणजे माणसाचा गुडघा, असे म्हणण्यास हरकत नाही. ती कमान वापरण्याचा अधिकार अर्थात फार थोड्यांना होता.

बाकीच्यांना बैलगाडी होती. बैलगाडीला कमान नसते. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये आस आणि आसावर थेट साटा. दमणीत किंवा छकड्यात बसून माहेरी निघालेल्या लेकीखाली कडब्याचा थर आणि त्यावर गोधडी अंथरीत, एवढीच सोय. तरीही या गाड्यांतून माणसांनी शेकडो मैलांचे प्रवास केले, कारण बैल माणसाच्या चालीने चालतो. त्या गतीला खड्डा आला तर गाडी त्यात उतरते आणि वर येते, आदळत नाही. धक्का खड्ड्यातून जन्मतो हे खरे, पण त्याला धार आणतो तो वेग. म्हणून कमानीची गरज प्रथम भासली ती वेगाने धावणाऱ्या घोडागाड्यांना.

१८०४ साली ओबडाया इलियट या लंडनच्या गाडीकारागिराने लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे पेटंट घेतले. लवचिक पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून बांधलेली ही कमान बग्गीत आली, पुढे मोटारीत आली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या धावेचे पेटंट घेतले, तेव्हा चाकालाही स्वतःची एक मऊ कमान मिळाली. कमानपाट्यात एक गुण असा की पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात काही झोका आपोआप मरतो. दोष असा की धूळ आणि गंज मध्ये शिरले की पाटे एकमेकांना धरून बसतात, आणि कमान ही कमान न राहता लोखंडी ठोकळा होते. जुने मिस्त्री वर्षाकाठी पाटे सोडवून, घासून, मधून वंगण भरीत, ते याचसाठी.

जून १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने प्रवासी मोटारींची वाहतूक सुरू केली. सत्तावीस गाड्या आणि एकशे सहासष्ट कर्मचारी, एवढा तिचा आरंभ. स्कॉटलंडमध्ये बनलेल्या अल्बियन कंपनीच्या या गाड्या होत्या. सरकारी मालकीची प्रवासी वाहतूक हिंदुस्थानात इतक्या लवकर हैदराबाद संस्थानाने उभी केली, ही गोष्ट त्या राज्याविषयी पुष्कळ कडवट आठवणी असलेल्यांनीही मान्य करावी अशी आहे. या बसगाड्यांचे पाटे भरलेल्या गाडीचा भार पेलावा अशा बेताने बांधलेले असत. गाडी भरलेली असली की ती बरी चाले. अर्धी रिकामी असली की तीच गाडी प्रवाशांना बाकावरून उडवी. पुढे जीपगाड्या आल्या, आणि खेड्यांच्या वाटेवर आठ जणांच्या जागी पंधरा जण बसू लागले. मग मालक लोहाराकडे जाऊन एक पाटा वाढवून घेऊ लागला. कारखान्याबाहेर गाडीची कमान बदलण्याचा आपल्याकडचा अगदी साधा आणि सर्वांना ठाऊक असलेला प्रकार तो हाच: पाटा टाकणे. त्यामागचा विचारही स्पष्ट होता. गाडी टिकली पाहिजे. आत बसलेल्याचे काय व्हायचे ते होवो. बसमध्ये आणि जीपमध्ये तो विचार निदान धंद्याला धरून होता. घरच्या मोटारीतही तोच विचार शिरला, आणि तो अजून निघालेला नाही.

माणसाला सुखाचे काय वाटते, हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला गेला तो विसाव्या शतकात. इंग्लंडचे मोटारतज्ज्ञ फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या ध्यानात आले की चालताना माणसाचे शरीर प्रत्येक पावलाला वर-खाली होते आणि जन्मभर त्या झोक्याची त्याला सवय असते. तेव्हा गाडीचा झोकाही त्याच चालीच्या आसपास असावा. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले मॉरिस ओली १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत गेले. त्यांनी १९३२ च्या सुमारास एका मोठ्या मोटारीवर पुढे-मागे सरकविता येतील अशी वजने बसविली, कमानी पुन्हा पुन्हा बदलल्या, आणि आत माणसे बसवून त्यांना काय वाटते ते विचारले. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, मिनिटाला साठ ते नव्वद झोके घेणारी गाडी माणसाला मानवते. दुसरी अधिक मोलाची: पुढची कमान मागच्या कमानीपेक्षा मऊ असावी. उंचवटा आला की पुढचे चाक आधी उचलले जाते, मागचे क्षणभराने. मागच्या कमानीचा झोका थोडा जलद असेल तर ती पुढच्या झोक्याला गाठते, आणि गाडी नावेसारखी डुलण्याऐवजी सपाट राहून वर-खाली होते. १९३४ च्या कॅडिलॅक गाड्यांत हे ज्ञान उतरले.

झोक्यांची ही संख्या कागदावर काढणे अवघड नाही. गाडीच्या भाराने कमान पंचवीस सेंटिमीटर दबत असेल तर ती मिनिटाला साठ झोके घेते; अकरा सेंटिमीटर दबत असेल तर नव्वद; आणि सहा-सव्वासहा सेंटिमीटरच दबत असेल तर एकशे वीस. म्हणजे कमान जितकी ताठ, तितका झोका आखूड आणि जलद. त्याच्याही वर, मिनिटाला अडीचशे ते पाचशे या टप्प्यात, माणसाचे पोट आणि कणा स्वतःच त्या कंपाला साथ देऊ लागतात आणि धक्का वाढवून घेतात. कंपनाचा माणसाच्या शरीरावरील परिणाम मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ साली प्रसिद्ध झाले, त्यातही उभ्या कंपनाचा हाच पट्टा सर्वांत जाचक मानला होता. उलट बाजूलाही मर्यादा आहे. झोका मिनिटाला तिसाच्या खाली गेला की माणसाला बोटीत बसल्यासारखे मळमळते.

आता हे गणित काळ्या मातीच्या रस्त्यावर आणून पाहावे. समजा, रस्त्यावरील दोन लाटांमधील अंतर बारा मीटर आहे आणि मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली आहे. मग तिला मिनिटाला सुमारे त्र्याऐंशी लाटा भेटतात. मऊ, सुखकर म्हणून निवडलेल्या कमानीचा स्वतःचा झोकाही जवळजवळ तेवढाच. मुलगा झोपाळ्यावर बसला असता नेमक्या वेळी ढकलत राहावे, तसे येथे घडते: प्रत्येक लाट मागच्या झोक्यात भर घालते आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला गाडीचे पोट रस्त्याला टेकते. म्हणून चालक संतापून म्हणतो की कमान फार मऊ आहे, ताठ बसवा. रोग त्याने बरोबर सांगितला, औषध मात्र चुकीचे मागितले. झोका मारणे हे कमानीचे कामच नव्हे. ते शॉकअपचे.

शॉकअप म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारा दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा असतात. तेल त्यांतून पिळून जाताना झोक्याची शक्ती उष्णतेत जाते. आरंभीच्या मोटारींत लाकडाच्या किंवा चामड्याच्या चकत्या एकमेकींवर घासून हे काम करीत. फ्रान्सचे मोरिस हुदाय यांनी १९०८ च्या सुमारास तेलाचा उपयोग केला. १९२६ साली अमेरिकेत मनरो कंपनीने नळीच्या आकाराचा शॉकअप आणला. खराब रस्त्यावर फार वेळ चालले की तेलाला फेस येतो आणि फेसाला जोर नसतो. त्यावर तोडगा म्हणून १९५० नंतरच्या काळात फ्रान्सचे बूर्सिए द कार्बों यांनी तेलावर दाबाखाली वायू ठेवण्याची युक्ती रूढ केली. चांगल्या शॉकअपची आणखी एक खूण आहे: चाक वर उचलले जाताना तो थोडा अडवतो आणि खाली परतताना जास्त अडवतो. खड्ड्याची धार अंगावर येऊ नये आणि कमानीने उसळूही नये, अशी ही दुहेरी शिस्त.

आपल्या देशात या सगळ्याचे संमिश्र रूप आले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अँबॅसडर गाडीला पुढे पिळाच्या सळया आणि मागे कमानपाटे होते. कुर्ल्याच्या फियाटला पुढे वेटोळ्यांची स्प्रिंग आणि मागे पाटेच. १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया ही शॉकअप बनविणारी कंपनी स्थापन झाली आणि शॉकअप हा देशी सुटा भाग झाला. अँबॅसडर खेड्यापाड्यांत इतकी वर्षे, थेट २०१४ पर्यंत, का टिकली याचे उत्तर देताना लोक तिच्या जाड पत्र्याचे कौतुक करतात. पत्रा जाड होता खरा. पण तिची कमान मऊ होती, तिला दबायला जागा भरपूर होती आणि टायरच्या भिंती उंच होत्या, हे अधिक महत्त्वाचे. फ्रान्सने १९४८ साली जगापुढे ठेवलेली सित्रोएन टू-सीव्ही गाडी तर शेतकऱ्यासाठीच बेतलेली होती, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता नेता यावी, ही तिच्या रचनाकारांपुढील अट प्रसिद्धच आहे. ती गाडी हलकी होती, नाजूक दिसे, आणि तरीही अट पुरी झाली. ताठपणा म्हणजे मजबुती नव्हे, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, आणि स्प्रिंग व शॉकअप एकाच खांबात बसविण्याची मॅकफर्सन यांची रचना तिच्याबरोबर घरोघर पोहोचली. आज बिदर-कलबुर्गीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांवर तीच आहे.

या इतिहासाच्या उजेडात सुट्या भागांच्या दुकानात शिरावे. तेथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खपणारी वस्तू म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये कोंबण्याची रबरी किंवा प्लॅस्टिकची कडी. गाडी बोटभर उंच होते, खाली घासत नाही आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु ही कडी त्या वेटोळ्याला कामातून बाद करते. उरलेली स्प्रिंग आखूड, म्हणजे ताठ होते. झोका जलद होतो. आणि शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या बेताचा असल्यामुळे नव्या उसळीला आवरू शकत नाही. त्यातून कडी फक्त पुढे बसविली तर ओलींचा नियम उलटा होतो आणि गाडी मान हलवीत चालते. हा लोहाराच्या वाढीव पाट्याचाच नवा अवतार. फरक इतकाच की लोहाराकडे जाणाऱ्याला निदान पंधरा माणसे न्यायची असत.

येथेच रोजच्या वापराच्या गाडीचा खरा निर्णय आहे. वर्षातून दोनदा सहा माणसे आणि सामान भरून गाणगापूरला किंवा माणिकनगरला जायचे असते, म्हणून त्या ओझ्याच्या हिशेबाने स्प्रिंग घेतली जाते. उरलेले तीनशे दिवस गाडीत एक किंवा दोन माणसे असतात, आणि ती रिकाम्या बसच्या प्रवाशांसारखी उडत राहतात. स्प्रिंग रोजच्या ओझ्यासाठी घ्यावी. यात्रेच्या दिवशी टायरमध्ये कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरावी आणि वेग कमी ठेवावा. दोन्ही साधायचेच असेल तर वेटोळ्यांमधील अंतर कमी-अधिक असलेली स्प्रिंग मिळते. ती आरंभी मऊ असते आणि भार वाढला की ताठ होत जाते. मात्र तिच्या जोडीला तिच्याच बेताचा शॉकअप हवा.

शॉकअपच्या बाबतीत लहान मोटारीला दुहेरी नळीचा, कमी दाबाचा वायू भरलेला प्रकार या रस्त्यांना पुरेसा आणि सुखाचा आहे. एकाच नळीचा, जास्त दाबाचा प्रकार तापत नाही, लांबच्या वेगवान प्रवासाला उत्तम. पण त्याच्या सिलाचे घर्षण आणि वायूचा दाब यांमुळे लहान-सहान खड्डे अंगावर अधिक येतात. शर्यतीच्या नावाने विकले जाणारे आखूड आणि ताठ संच बंगळूरच्या गुळगुळीत रस्त्यावर शोभत असतील. आळंदच्या वाटेवर त्यांचा उपयोग नाही. मोठी चाके आणि चपटे टायर यांचेही तेच. टायरची भिंत ही गाडीची पहिली कमान. ती दोन बोटे कमी केली तर महागातला शॉकअपही ती भरून देऊ शकत नाही.

खर्चाच्या आधी एक तपासणी मात्र अवश्य करावी. पुष्कळदा शॉकअप निर्दोष असतो आणि धडधड येते ती झिजलेल्या रबरी बुशांतून, खांबाच्या डोक्यावरच्या बैठकीतून किंवा फुटलेल्या आडरबरातून. हे भाग स्वस्त आहेत आणि दुकानदार त्यांचे नाव आपण होऊन फारसे काढत नाही. गाडीचा कोपरा हाताने जोरात दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा हलली किंवा नळीवर तेल उतरलेले दिसले तर शॉकअप गेला. झिजलेल्या शॉकअपचे चाक खड्ड्यानंतर क्षणभर हवेत राहते, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नसतो. गावांच्या तोंडाशी पट्टे न मारलेले गतिरोधक आहेत, तेथे याचा अनुभव येतो. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असा पसरट असावा. प्रत्यक्षात गावकरी जो बांधतात तो पुष्कळदा हातभर रुंदीचा बांधच असतो.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. झिजलेला भाग त्याच जातीच्या भागाने बदलण्याला त्याची आडकाठी नाही. गाडी वीतभर उंच करून मिरविण्याला आहे.

बदल करताना एका आसावरचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलावेत. मॅकफर्सन खांबाची स्प्रिंग दाबून धरण्याचे योग्य हत्यार ज्या मिस्त्रीकडे नाही, तारेने किंवा दोरीने बांधून जो काम उरकतो, त्याच्याकडून ते करवून घेऊ नये. सुटलेली स्प्रिंग हात मोडू शकते. बुशांचे नट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नयेत, चाके जमिनीवर टेकल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. काम पावसाळा संपल्यावर, रस्त्यांची डागडुजी सुरू होते त्या सुमारास करवावे, चाकांची दिशा लगेच तपासून घ्यावी, आणि हजारएक किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.